इंदूरचा उकिरडा आणि पालकाची जुडी

मध्यंतरी एका शनिवारी भाजीच्या दुकानात माझं आणि बायकोचं पालकाच्या जुडीवरून भांडण झालं. भांडण म्हणजे अगदी आवाज चढवून वगैरे नाही, पण मागे उभ्या असलेल्या काकू "जरा सरकता का" असं दोनदा म्हणेपर्यंत चाललं. तिच्या एका हातात साधी जुडी, २० रुपये. दुसऱ्या हातात हिरव्या पानाचं चित्र छापलेली प्लास्टिकची पिशवी, आत साधारण तेवढाच पालक, ७५ रुपये.

कारण साधं आहे. आमची कन्या सात महिन्यांची झाली. डॉक्टरांनी वरणाचं पाणी, मऊ भात, भाज्यांचं सूप, फळांचा गर सुरू करायला सांगितलंय. इतकी वर्षं हिंजवडीच्या टपरीवरचा वडापाव कुठल्या तेलात तळलाय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता अचानक पालकाच्या पानावर काय आहे ह्याची काळजी!

"तुझ्यामाझ्यासाठी नको, पण तिच्यासाठी तरी घेऊ या ना," बायको म्हणाली.

"अगं, पिशवीवर पान छापलं की झालं का ऑरगॅनिक?"

"मग तू शोधून काढ. दिवसभर कॉम्प्युटरसमोरच तर असतोस."

शेवटी दोन्ही घेतले. (लग्नाला तीन वर्षं झाली की माणूस एवढं शिकतो :-) ) पण तिचं बोलणं डोक्यात राहिलं आणि पुढचे दोन वीकएंड त्यातच गेले. हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशोब.

ऑफिसात जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली, की ती पहिल्यांदा कोणी लिहिली आणि तेव्हा त्याला नेमका कुठला प्रॉब्लेम सोडवायचा होता, हे मी आधी बघतो. म्हटलं, ह्या 'ऑरगॅनिक' शब्दाचंही तसंच करू. मागे मागे जात राहिलो आणि पोचलो कुठे, तर चक्क इंदूरला!

आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आला, तो बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेत. बायको गॅब्रिएल, तीही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती काढल्या, नाव झालं. पण हॉवर्डला एक गोष्ट खटकत होती. संस्थेत गहू बघणारा वेगळा, बुरशी बघणारा वेगळा, किडे बघणारा वेगळा. प्रत्येकजण आपापल्या मॉड्यूलचा एक्सपर्ट, पण अख्खं शेत चालतं कसं हे बघणारा कोणीच नाही! (ओळखीचं वाटतंय ना?) उलट आजूबाजूचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या तीच जमीन कसतात आणि तरी जमीन मरत नाही, ह्याचं त्याला कुतूहल होतं. किडी आणि शेतकरी हेच आपले खरे प्राध्यापक, असं त्याने पुढे लिहून ठेवलंय.

१९२४ मध्ये त्याने इंदूरला होळकर संस्थानाच्या जागेवर स्वतःची संस्था उभी केली. पैसा मुख्यतः कापसाच्या सेंट्रल कमिटीचा, म्हणजे संशोधन कापसाचं. हा कापूस लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. तिथे त्याने शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख ह्यांचे थर लावून, ते ठरावीक दिवसांनी खालीवर करून, तीनएक महिन्यांत उत्तम खत करायची पद्धत बसवली. हीच जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली ह्यावर जे पुस्तक आलं त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. एक हॉवर्ड आणि दुसरं यशवंत वाड. वाड हे संस्थेतले रसायनशास्त्राचे मुख्य सहायक. आज ऑरगॅनिकवर बोलणाऱ्यांना हॉवर्ड माहीत असतो, वाडांचं नाव कोणी घेत नाही. मला तरी ते वाचून उगाचच बरं वाटलं.

महत्त्वाचा मुद्दा हा, की हॉवर्डचा प्रश्न 'माझ्या पोराच्या ताटात विष आहे का' हा नव्हताच. त्याचा प्रश्न मातीचा होता. पीक घेताना मातीतून जे काढलं, ते तिला परत कसं द्यायचं? माती निरोगी असेल तर पीक निरोगी, पीक निरोगी तर ते खाणारं जनावर आणि माणूस निरोगी, अशी त्याची साखळी होती. १९४० साली त्याचं गाजलेलं पुस्तक आलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉर्ड नॉर्थबोर्नने आपल्या पुस्तकात 'ऑरगॅनिक' शेती हा शब्द वापरला. अख्खं शेत म्हणजे एक सजीव देह, असा त्यातला अर्थ. १९४२ मध्ये अमेरिकेत रोडेलने त्या नावाचं मासिक काढलं आणि १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये सॉइल असोसिएशन स्थापन झाली. नावातच माती!

म्हणजे व्हर्जन १.० ची रिक्वायरमेंट: माती वाचवा.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझी आजी मला जेवायला वाढणार नाही.

हॉवर्ड पुसाला रुळत होता त्याच सुमारास, १९०९ साली, जर्मनीत फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. १९१३ मध्ये कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभा केला. आज आपण ज्याला युरिया म्हणतो त्याची ही आजी. व्हाक्लाव स्मिल ह्या अभ्यासकाच्या अंदाजानुसार जगातली सुमारे ४० टक्के माणसं ह्या कृत्रिम नायट्रोजनवर जगतात. म्हणजे तुमच्या टीमच्या मीटिंगमध्ये दहाजण बसले असतील तर त्यातले चार.

आपल्याकडे १९६४-६५ मध्ये गव्हाचं पीक होतं सव्वा कोटी टनांच्या आसपास. मग दुष्काळ, अमेरिकेची जहाजं, हातातोंडाची गाठ. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. ह्या जाती भरपूर खत आणि पाणी दिलं की आडव्या न होता भरभरून पिकायच्या. १९६७-६८ मध्ये उत्पादन साधारण १ कोटी ६५ लाख टनांवर गेलं. १९६८ मध्ये इंदिरा गांधींनी ह्या गव्हाच्या क्रांतीचं पोस्टाचं तिकीटसुद्धा काढलं.

माझी आजी नगरकडची. १९७२ च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथली सुकडी आणि रेशनवर मिळणारी अमेरिकेची लाल मिलो, हे तिचे त्या वर्षाचे दोन शब्द. मिलोच्या भाकरीची चव विचारली की ती अजूनही तोंड वाकडं करते. मी तिला फोनवर म्हटलं, "आजी, पूर्वीचं अन्न किती शुद्ध होतं ना!" ती म्हणाली, "व्हय. शुद्धच होतं. पण होतं कुठं?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांना आजीचं पटत नाही त्यांनी श्रीलंका बघावी. २०२१ च्या मे महिन्याच्या सुमाराला तिथल्या सरकारने रासायनिक खतं आणि औषधं ह्यांची आयात एका फटक्यात बंद केली. देश रातोरात ऑरगॅनिक करायचा होता. भाताचं पीक कोसळलं, चहाचे मळेवाले ओरडले, नोव्हेंबरमध्ये सरकारने बंदी मागे घेतली. श्रीलंका बुडायला इतरही कारणं होती, पण हा घाव स्वतःच्या हाताने घातलेला. प्रॉडक्शनवर टेस्टिंग न करता डिप्लॉय केलं की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

बरं, मग ऑरगॅनिक म्हणजे विष नको, हा अर्थ कधी आला?

इथे एका मराठी शब्दावर थांबतो. आपल्याकडे गावात कोणी कीटकनाशक म्हणत नाही. म्हणतात 'औषध'. औषध मारलं, औषध आणलं, आणि कोणी जीव दिला तर 'औषध पिऊन'. एकच शब्द बरं करणाऱ्यालाही आणि मारणाऱ्यालाही!

ह्या औषधाची सुरुवात अगदी मजेशीर आहे. फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेली चोरांनी लुटू नयेत म्हणून शेतकरी पानांवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर मिश्रण शिंपडायचे. तेव्हा अमेरिकेतून आलेल्या बुरशीने तिथल्या बागा बसत चालल्या होत्या. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की ह्या निळ्या वेली मात्र तगल्यात! १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. हेच ते बोर्डो मिश्रण, जे आपल्या नाशिकचा प्रत्येक बागायतदार आजही ओळखतो. आणि गंमत म्हणजे हे तांब्याचं औषध मर्यादा घालून ऑरगॅनिक शेतीतही चालतं. तेव्हा 'ऑरगॅनिक म्हणजे काहीही फवारलेलं नाही' हा समज चूक. फवारतात. फक्त परवानगीची यादी वेगळी असते.

खरा बदल झाला तो डीडीटीने. पॉल म्युलरला १९३९ साली त्याची कीटक मारायची ताकद कळली, १९४८ मध्ये नोबेल मिळालं. युद्धात त्याने टायफस आणि मलेरियापासून असंख्य माणसं वाचवली, मग ते शेतात आलं. १९६२ मध्ये रेचेल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं. ही औषधं नुसती किड्यावर थांबत नाहीत, पक्ष्यांच्या आणि माणसांच्या अंगात साठत जातात, हे तिने सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडलं. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. आणि १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जो वायू फुटला तो सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनवण्यासाठीच साठवलेला होता. भोपाळला जी माणसं मेली ती काही खाऊन मेली नाहीत. औषध शेतात पोचायच्या आधीच मेली.

पुढे २००३ साली दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने आधी बाटलीबंद पाण्यात आणि मग कोल्ड्रिंक्समध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. संसदेची संयुक्त समिती बसली, अध्यक्ष शरद पवार. २००४ च्या फेब्रुवारीत समितीने निष्कर्ष बरोबर असल्याचं सांगितलं. तेव्हा मी पहिलीत असेन. बाबांनी घरात कोल्ड्रिंक बंद केलं आणि मला ते सगळं अन्यायकारक वाटलं एवढंच आठवतं. (भाजी मात्र त्याच विहिरींच्या पाण्यावरची येत राहिली, त्याचं कोणाला काही वाटलं नाही.)

तर व्हर्जन २.० ची रिक्वायरमेंट: माझ्या ताटात विष नको. मातीचा प्रश्न मागे पडला, खाणाऱ्याचा पुढे आला. शब्द मात्र तोच राहिला.

आणि मग आलं व्हर्जन ३.०, म्हणजे लेबल.

कोणीही उठून ऑरगॅनिक म्हणायला लागल्यावर सरकारांना व्याख्या करावी लागली. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला, नियम २००० च्या डिसेंबरात जाहीर झाले आणि २००२ च्या ऑक्टोबरपासून ते हिरवं शिक्कामोर्तब सुरू झालं. जाहीर करताना तिथल्या शेतीमंत्र्यांनी, डॅन ग्लिकमन ह्यांनी, स्पष्टच सांगितलं होतं की हे लेबल विक्रीसाठीचं साधन आहे, अन्न जास्त सुरक्षित किंवा जास्त पौष्टिक असल्याचा दावा नाही. हे वाक्य पिशवीवर अर्थातच छापत नाहीत.

आपल्याकडे २००० च्या सुमारास व्यवस्था आली ती व्यापार मंत्रालयाकडून. कारण गिऱ्हाईक बाहेरचं होतं! निर्यातीच्या मालाला प्रमाणपत्र हवं होतं. देशातल्या बाजारासाठी शेतकऱ्यांनी गटागटाने एकमेकांची शेतं तपासायची पद्धत नंतर आली आणि खाद्य सुरक्षा प्राधिकरणाचे नियम आणि 'जैविक भारत' हे चिन्ह तर थेट २०१७ मध्ये. म्हणजे पुण्यातल्या माणसाने पिशवीवर काय बघावं हे ठरायला सतरा वर्षं लागली.

ही सगळी प्रमाणपत्रं मुळात पद्धतीची आहेत. शेतकऱ्याने काय वापरलं, काय नाही, जमीन बदलायला किती काळ दिला. वर्षाच्या पिकांना दोन वर्षं, फळबागेला तीन. 'ह्या पिशवीतला हा पालक तपासला' असं ते म्हणत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर ते प्रोसेस ऑडिट आहे, टेस्ट रिपोर्ट नव्हे.

मग टेस्ट रिपोर्ट काय म्हणतात? इथे मी जरा खोलात गेलो, थोडक्यात सांगतो.

२०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून बघितले. पौष्टिकतेत ठोस फरक दिसला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र साध्या मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत आणि ऑरगॅनिकच्या ७ टक्के नमुन्यांत सापडले. ७, शून्य नव्हे. २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या गटाने ३४३ अभ्यास घेतले. त्यांना ऑरगॅनिकमध्ये अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. म्हणजे पौष्टिकतेवर वाद चालू, अंश कमी असतात ह्यावर एकमत.

कॅन्सरचं काय? २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या सहा लाखांहून जास्त बायकांच्या अभ्यासात ऑरगॅनिक खाणाऱ्यांना एकूण कॅन्सर कमी झाल्याचं दिसलं नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या सुमारे ६९,००० लोकांच्या अभ्यासात २५ टक्के कमी दिसला. पण जो माणूस ७५ रुपयांचा पालक घेतो, तो बहुतेक सिगरेट कमी ओढतो, चालायला जातो, वेळेवर चेकअप करतो. हिशोबातून हे सगळं वजा करायचा प्रयत्न करतात, पण ते पूर्ण वजा होत नाही.

आणि 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक हेही खरं नाही. १९९० मध्ये ब्रूस एम्सने मांडलं होतं की अमेरिकन माणसाच्या पोटात वजनाने जितकी कीटकनाशकं जातात, त्यातली ९९.९९ टक्के खुद्द झाडांनीच स्वतःच्या रक्षणासाठी बनवलेली असतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या साथीत पन्नासहून जास्त लोक दगावले. त्याचं मूळ सापडलं ते एका ऑरगॅनिक शेतातल्या मोडांत, इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत माग गेला. औषधाने नाही, जंतूंनी मेले.

आपल्याकडचा आकडा बघू. कृषी मंत्रालयाच्या देशभरच्या तपासणीत एका वर्षी सुमारे २३,६०० नमुने घेतले. १९ टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत अंश सापडले, आणि मर्यादेपेक्षा जास्त असे सुमारे २ टक्के. मी हे बायकोला सांगितलं. तिला वाटलं होतं आकडा नव्वद असेल. मला वाटलं होतं शून्य असेल. दोघंही चुकलो. घरात शांतता नांदली.

इथपर्यंत लेख लिहून मी थांबणार होतो. पण मधे एका शनिवारी मामांकडे जाऊन आलो. मामांची निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे.

मामांनी मला एक वही दाखवली. तारीख, औषधाचं नाव, प्रमाण, आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं ते. युरोपला माल जायचा तर प्रत्येक बागेचा नमुना लॅबमध्ये जातो. २०१० साली एका वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. कंटेनरच्या कंटेनर अडकले, पार दिवाळं निघायची पाळी आली. तेव्हापासून वही. मी विचारलं, "मामा, आणि लोकल मार्केटला जातो त्या मालाची वही कोण बघतं?"

मामा हसले. "तुम्ही पुण्याचे लोक वही कुठं मागता? तुम्ही चकाकी मागता."

म्हणजे जर्मनीतल्या पोराच्या द्राक्षाचा रिपोर्ट आहे आणि माझ्या पोरीच्या द्राक्षाचा नाही. हा फरक ऑरगॅनिक आणि साध्याचा नाहीच, हा फरक तपासणाऱ्याचा आहे.

"तुम्ही ऑरगॅनिक का करत नाही?" मी धीर करून विचारलं.

"अरे, तीन वर्षं रूपांतराची. त्या तीन वर्षांत माल साध्याच भावात जाणार. बँकेचा हप्ता कोण भरणार, तू? एका रात्री अवकाळी आला आणि डाऊनी घुसला, की सकाळी घड हातात. आणि तुम्ही पंच्याहत्तर देता म्हणतोस, त्यातले शेतकऱ्याच्या हातात किती, ते विचार आधी."

मग मामी चहा घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या, "फवारणीच्या दिवशी ह्यांना रात्रीचं जेवण जात नाही. डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. वीस वर्षं बघत्येय." मामा म्हणाले, "काही होत नाही, सवय आहे." तोंडाला काय बांधता म्हणून विचारलं तर खुंटीवरचा उपरणं दाखवलं.

येताना बसमध्ये मला २०१७ चं यवतमाळ आठवलं. त्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात. डोक्याएवढ्या उंच झालेल्या कापसात, अंगावर साधा शर्ट, पाठीवर पंप. ती फवारणी कोणाच्या ताटातल्या भाजीवर नव्हती. ते पीक आपण मुख्यतः अंगावर घालतो. ज्या कापसाच्या पैशातून इंदूरचा उकिरडा उभा राहिला, तोच कापूस.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात नीट उजेड पडला. 'ऑरगॅनिक कधी घ्यायचं' हा एक प्रश्न नाहीये. ते तीन प्रश्न आहेत आणि तिघांनाही एकच नाव पडलंय. माझ्या मुलीच्या ताटात काय जातं? जमिनीचं काय होतं? आणि फवारणाऱ्याचं काय होतं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि भाजीच्या दुकानात आम्ही तिन्ही एकाच जुडीवर लादत होतो.

आमच्या घरापुरतं जे ठरलं ते असं:

१. भाजी आणि फळं कमी होता कामा नयेत. ऑरगॅनिक महाग म्हणून आठवड्यात दोनच भाज्या खायच्या, हा सगळ्यात वाईट सौदा. साधी भाजी भरपूर, हा पहिला नियम.

२. जे सोलून खातो त्यावर जास्तीचे पैसे नाहीत. केळं, संत्रं, डाळिंब, आंबा, कांदा, मटार.

३. जे सालासकट किंवा पानासकट खातो आणि ज्यावर फवारे जास्त, म्हणजे द्राक्षं, पालेभाज्या, ढोबळी मिरची, फ्लॉवर, भेंडी, वांगी, ते ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा 'जैविक भारत' चिन्ह बघून मिळालं तर मुलीपुरतं घ्यायचं. नाही मिळालं तर वाहत्या पाण्याखाली नीट धुवायचं. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सफरचंदांवर प्रयोग केला होता. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चमचे, खायचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं ठेवलं तर वरचे अंश बरेच निघाले. सालीच्या आत मुरलेले निघाले नाहीत. म्हणून चौथा नियम.

४. रोज एकच भाजी नको. आलटून पालटून. एका औषधाचा अंश रोज रोज जात नाही.

५. ऑरगॅनिक बिस्किटं, ऑरगॅनिक साखर, ऑरगॅनिक चिप्स: नाही. साखर ती साखरच.

६. मातीसाठी घ्यायचं असेल तर ते पालकात घेऊन उपयोग नाही. घरात वर्षाला जमिनीचा मोठा तुकडा लागतो तो तांदूळ, गहू, ज्वारी आणि तूरडाळीला. वर्षाचं धान्य भरताना तांदूळ आणि डाळ सेंद्रिय गटाकडून थेट घ्यायचे ठरवलंय. मधले हात कमी झाले की भावातला फरकही पालकाएवढा तिप्पट-चौपट राहत नाही, आणि पैसे शेतात पोचतात. हॉवर्ड आणि वाडांच्या प्रश्नाला हे त्यातल्या त्यात खरं उत्तर वाटतं.

आणि तिसरा प्रश्न? फवारणाऱ्याचा?

मी हिशोब केला. पालकाच्या दोन जुड्यांमधला फरक ५५ रुपये. आठवड्याला दोन, वर्षाच्या ५२ आठवड्यांचे झाले ५,७२० रुपये. तेवढ्या पैशात औषधाच्या वाफेसाठीचा, बदलायच्या फिल्टरचा चांगला मास्क, गॉगल आणि हातमोजे येतात आणि वर पैसे उरतात. पार्सल निफाडला गेलं. मामांचा दुसऱ्या दिवशी फोन. "अरे, हे घालून गुदमरायला होतं. माणूस आहे का अंतराळवीर?" मागून मामींचा आवाज आला, "घातल्याशिवाय ट्रॅक्टरची चावी देत नाही म्हणावं."

गेल्या मंगळवारी फवारणी झाली. मामींनी मुद्दाम फोन करून सांगितलं, रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

असो. त्या शनिवारच्या दोन्ही जुड्यांचं काय झालं ते राहिलंच. बायकोने प्रयोग म्हणून दोन वाट्यांत दोन वेगळी सूपं केली. कन्येने २० रुपयांचं सूप एक चमचा तोंडात घेऊन माझ्या शर्टावर थुंकलं. मग ७५ रुपयांचंही तितक्याच निःपक्षपातीपणे थुंकलं. सध्या ती केळं खाते. सोलून :-)